यूएसबी मायनर शीतलन

संगणकाच्या यूएसबी खोबणीत बसवून कूटचलनाच्या गणनेसाठी वापरल्या जाणाऱ्या पेनड्राइव्हएवढ्या उपकरणात निर्माण होणारी उष्णता बाहेर नेणे व त्याचे तापमान सुरक्षित मर्यादेत राखणे, या क्रियेस यूएसबी मायनर शीतलन म्हणतात. बिटकॉइनसारखी कूटचलने ज्या गणनेतून नव्याने निर्माण होतात तिला रूढ भाषेत ‘मायनिंग’ व ती करणाऱ्या यंत्राला ‘मायनर’ म्हणतात. यूएसबी मायनर हा या यंत्रांतील सर्वांत लहान प्रकार होय. त्यात निर्माण होणारी उष्णता घरातील रात्रीच्या छोट्या दिव्याइतकीच, म्हणजे साधारणतः २.५ वॉट किंवा काहीशी अधिक असते. तथापि ती बाहेर टाकण्यास उपलब्ध असलेले पृष्ठफळ अत्यंत थोडे असते आणि उपकरण दिवसरात्र न थांबता चालते. त्यामुळे शीतलनाचा प्रश्न येथे उष्णतेच्या प्रमाणामुळे नव्हे, तर आकारमानाच्या लहानपणामुळे निर्माण होतो. हा प्रश्न कसा सोडविला जातो यावर उपकरणाचे आयुष्य, गणनेची अचूकता आणि ते जेथे ठेवले आहे त्या घराची सुरक्षितता अवलंबून असते.

पार्श्वभूमी : बिटकॉइनची संकल्पना मांडणारा निबंध सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जानेवारी २००९ मध्ये त्याचे जाल प्रत्यक्ष कार्यान्वित झाले. या जालातील व्यवहारांच्या नोंदी गटागटाने बंदिस्त केल्या जातात. प्रत्येक गटासाठी शा-२५६ या गणिती रीतीने २५६ अंकस्थानांची एक द्विमान संख्या काढतात. तिला हॅश असे म्हणतात. ही संख्या ठरावीक मर्यादेपेक्षा लहान येईपर्यंत पुनःपुन्हा प्रयत्न करावा लागतो. योग्य संख्या कशी मिळेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून सेकंदाला जितके अधिक प्रयत्न, तितकी यशाची शक्यता अधिक. सरासरीने दर दहा मिनिटांस एक गट पूर्ण व्हावा, या हेतूने दर २,०१६ गटांनंतर गणनेची काठिण्यपातळी आपोआप बदलते.

प्रारंभी ही गणना संगणकाच्या मुख्य प्रक्रियकावर होत असे. २०१० पासून चित्रप्रक्रियकांचा (ग्राफिक्स कार्डांचा) वापर सुरू झाला आणि २०१३ मध्ये केवळ या एकाच कामासाठी घडविलेल्या, ‘एसिक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संकलित मंडलांवर आधारलेली यंत्रे बाजारात आली. त्याच वर्षी ॲसिकमायनर या कंपनीने ‘ब्लॉक इरप्टर’ हा यूएसबी मायनर विक्रीस आणला. त्यात १३० नॅनोमीटर तंत्राने बनविलेली एकच चिप होती. ती सेकंदाला सु. ३३.३ कोटी हॅश काढीत असे व त्यासाठी सु. २.५ वॉट विद्युत् शक्ती घेत असे. यानंतर बिटमेन कंपनीचा ‘अँटमायनर यू१’ (सेकंदाला सु. १६० कोटी हॅश), गेकोसायन्सचे ‘कॉम्पॅक’, ‘टूपॅक’, ‘न्यूपॅक’ व ‘कॉम्पॅक एफ’, तसेच लाइटकॉइनसारख्या चलनांसाठी फ्यूचरबिटचा ‘मूनलँडर २’ असे मायनर तयार झाले. या क्रमात हीट सिंक कसे मोठे होत गेले हे लक्षणीय आहे. ब्लॉक इरप्टरच्या पाठीला ॲल्युमिनियमची एक छोटी पट्टी तेवढी होती. अँटमायनर यू१ मध्ये मंडलफलकापेक्षा धातूचा ठोकळाच अधिक जागा व्यापू लागला, तर मूनलँडर २ वर हीट सिंकच्या जोडीला छोटा पंखाही बसविण्यात आला.

उष्णतेचा उगम : मायनरमधून हॅशच्या रूपाने बाहेर पडणाऱ्या संदेशांत जवळजवळ काहीच ऊर्जा नसते. त्यात यांत्रिक हालचाल नाही, प्रकाश नाममात्र आहे. म्हणून त्याने घेतलेली विद्युत् ऊर्जा जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णतेत रूपांतरित होते. २.५ वॉटचा मायनर दिवसाला ०.०६ आणि वर्षाला सु. २२ युनिट (किलोवॉट-तास) वीज घेतो व तितकीच उष्णता खोलीत सोडतो. शीतलनाने ही उष्णता नाहीशी होत नाही, ती केवळ चिपपासून हवेकडे अधिक त्वरेने नेली जाते.

चिपमधील ट्रँझिस्टर चालू-बंद होताना त्यांच्या सूक्ष्म धारकतेत विद्युत् भार भरला व सोडला जातो. या क्रियेत खर्च होणारी शक्ती धारकता, विद्युत् दाबाचा वर्ग आणि कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या) यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. याशिवाय बंद स्थितीतील ट्रँझिस्टरांतूनही थोडा प्रवाह झिरपत असतो. त्याला गळती प्रवाह म्हणतात. यूएसबीचा दाब ५ व्होल्ट असतो, तर चिपला सु. १ व्होल्ट वा त्याहून कमी दाब लागतो. हा दाब उतरविणारे मंडलही तापते. त्याची कार्यक्षमता ८५ टक्के मानल्यास २.५ वॉटपैकी सु. ०.४ वॉट उष्णता त्या मंडलातच निर्माण होते. म्हणून शीतलनाचा विचार करताना चिपबरोबर दाब उतरविणाऱ्या भागाकडेही लक्ष द्यावे लागते.

तापमानवाढीचे परिणाम : सिलिकॉन चिपचे अंतर्गत तापमान सामान्यतः १२५° से. या मर्यादेखाली राखणे इष्ट मानतात. दीर्घ आयुष्यासाठी ते याहून बरेच कमी असावे लागते. तापमान वाढले की गळती प्रवाह वाढतो. प्रवाह वाढला की उष्णता वाढते आणि त्यामुळे तापमान आणखी चढते. उष्णता बाहेर जाण्याची वाट अपुरी असल्यास हे चक्र आवरेनासे होऊन चिप जळू शकते. उच्च तापमानात ट्रँझिस्टर मंदावतात व ठरावीक कंप्रतेस आवश्यक त्या वेळेत गणना पूर्ण होत नाही. अशा वेळी मायनर चालू दिसतो, पण त्याने काढलेले हॅश चुकीचे ठरून वाया जातात. सतत तापलेल्या चिपमधील सूक्ष्म धातुरेषांतील अणू विद्युत् प्रवाहाच्या जोरावर हळूहळू सरकतात व रेषा तुटते. ओला विद्युत् विच्छेद्य असलेल्या धारित्राचे आयुष्य दर १०° से. तापमानवाढीस सु. निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिकीतील व्यावहारिक नियम आहे. वारंवार तापण्या-निवण्यामुळे डाखाचे सांधेही प्रसरण-आकुंचनाने तडकतात. माणसाच्या दृष्टीनेही तापमान महत्त्वाचे आहे, कारण ६०° से.हून अधिक तापलेल्या धातूला काही सेकंद स्पर्श झाला तरी त्वचा भाजू शकते.

उष्णतेचा मार्ग : चिपमधील उष्णता हवेत पोहोचेपर्यंत अनेक थर ओलांडते. प्रत्येक थराचा तिला काही विरोध असतो. या विरोधास उष्णतारोध म्हणतात व तो ‘दर वॉटला किती अंश सेल्सिअस’ या एककात मोजतात. विद्युत् मंडलात जसे रोध एकापुढे एक जोडले असता त्यांची बेरीज होते, तसेच येथेही होते. एकूण उष्णतारोधास वॉटने गुणले असता चिपचे तापमान परिसराच्या तापमानापेक्षा किती अंशांनी अधिक राहील हे कळते.

चिपमधून मंडलफलकाकडे उष्णता वहनाने जाते. काचतंतू व रेझीन यांच्या फलकाची उष्णतावाहकता मीटर-केल्व्हिनला सु. ०.३ वॉट इतकी अल्प, तर तांब्याची सु. ४०० वॉट असते. म्हणून चिपच्या तळाशी असलेला धातूचा भाग फलकावरील तांब्याच्या थराला डाख लावून जोडतात आणि त्याखाली तांब्याचा मुलामा दिलेली अनेक बारीक छिद्रे पाडून उष्णता फलकाच्या पाठीकडे उतरवितात. हीट सिंक पुष्कळदा चिपच्या माथ्याऐवजी फलकाच्या पाठीला बसविलेले आढळते, त्याचे कारण हेच होय.

फलक आणि हीट सिंक यांचे पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसले तरी सूक्ष्म स्तरावर खडबडीत असतात आणि त्यांच्यामध्ये हवा अडकते. हवेची उष्णतावाहकता केवळ ०.०२६ असल्याने हा पातळ थरही मोठा अडथळा ठरतो. एक चौ. सेंमी. क्षेत्रावर हवेचा ०.०५ मिमी. जाडीचा अखंड थर आहे असे मानल्यास त्याचा रोध दर वॉटला सु. १९° से. येतो, म्हणजे २.५ वॉटसाठी तेवढ्या थरातच सु. ४८° से.चा फरक पडतो. त्या जागी सु. ४ वाहकतेचे उष्णतावाहक मलम भरले, तर हाच फरक अर्ध्या अंशाहूनही कमी होतो. पाव मिमी. जाडीच्या व १ वाहकतेच्या चिकटपट्टीने तो सु. ६° से. राहतो. यावरून मलम पातळ व सर्वत्र सारखे लावणे का महत्त्वाचे आहे ते स्पष्ट होते; त्याचा जाड थर दिल्याने लाभाऐवजी हानी होते. मलम चिकटून राहत नाही, त्यामुळे हीट सिंकला स्क्रू वा स्प्रिंगचा आधार लागतो. उष्णतावाहक डिंकाने तो कायमचा बसतो, पण नंतर काढताना फलकाचे तुकडे पडण्याचा धोका असतो. धातूचा ठोकळा फलकावरील दोन विद्युत् बिंदूंना एकाच वेळी टेकून लघुमंडल होणार नाही, याचीही दक्षता घ्यावी लागते.

हीट सिंक : फलकापासून हवेकडे उष्णता अभिसरण व प्रारण या दोन्ही मार्गांनी जाते. दोहोंचे प्रमाण पृष्ठफळावर अवलंबून असल्याने ते वाढविणे हे हीट सिंकचे कार्य होय. त्यासाठी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर उभे पातळ पडदे काढलेले असतात. तांब्याची वाहकता ॲल्युमिनियमच्या दुपटीच्या आसपास असली, तरी ते सु. तिप्पट जड व महाग असते. शिवाय यूएसबी खोबणीवर वजनाचा ताण पडतो. अशा लहान उपकरणात खरा अडथळा धातूत नसून धातूपासून हवेत जाण्याच्या टप्प्यावर असतो, त्यामुळे तांबे वापरून फारसा फायदा होत नाही.

पृष्ठफळाचे महत्त्व पुढील उदाहरणावरून लक्षात येईल. ६ सेंमी. लांब व २ सेंमी. रुंद फलकाच्या दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ २४ चौ. सेंमी. होते. स्थिर हवेत अभिसरण व प्रारण मिळून दर चौ. सेंमी.मागे, तापमानातील दर अंश फरकास सु. १.२ मिलिवॉट उष्णता बाहेर पडते असे मानल्यास २.५ वॉट बाहेर टाकण्यासाठी फलक परिसरापेक्षा सु. ८७° से.ने अधिक तापावा लागेल. हीट सिंकसह एकूण क्षेत्र ७५ चौ. सेंमी. केले आणि पडदे परस्परांकडे प्रारण करीत असल्याने दर १ मिलिवॉट इतका कमी धरला, तरी ही वाढ सु. ३३° से.वर येते. त्याच हीट सिंकवर हवेचा प्रवाह सोडून दर ४ मिलिवॉटपर्यंत नेला, तर वाढ केवळ सु. ८° से. उरते. खोलीचे तापमान ३०° से. असता या तीन स्थितींत फलकाचे तापमान अनुक्रमे सु. ११७°, ६३° व ३८° से. येईल. चिपचे अंतर्गत तापमान त्याहून काही अंश अधिक असेल.

पंख्याविना चालणाऱ्या हीट सिंकमध्ये पडद्यांतील अंतर साधारणतः ६ ते १० मिमी. ठेवणे योग्य ठरते. ते फार कमी असल्यास मधली तापलेली हवा वर चढू शकत नाही आणि वाढविलेले पृष्ठफळ निरुपयोगी होते. पडदे उभ्या दिशेत असावेत, म्हणजे तापून हलकी झालेली हवा विनासायास वर जाते. पंखा असल्यास २-३ मिमी. अंतरही चालते. रंगाचाही संबंध येतो. चकचकीत ॲल्युमिनियमची प्रारण-उत्सर्जनक्षमता ०.१ हून कमी, तर विद्युत् रासायनिक प्रक्रियेने ऑक्साइडचा थर चढविलेल्या पृष्ठभागाची ती ०.८ च्या आसपास असते. स्थिर हवेत प्रारणाचा वाटा अभिसरणाच्या जवळपास पोहोचत असल्याने असा थर उपयुक्त ठरतो. पंख्याच्या झोतात मात्र त्याचे महत्त्व उरत नाही.

पंखा व हवेचा प्रवाह : पृष्ठभागाला लागून हवेचा एक मंद थर असतो आणि उष्णतेला तो ओलांडावा लागतो. वाहती हवा हा थर पातळ करते, म्हणून मंद झुळकीनेही तापमान लक्षणीय उतरते. त्यापुढे वेग वाढवीत गेल्यास लाभ क्रमाने घटत जातो. उलट पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केल्यास आठपट शक्ती लागते व आवाजही वाढतो. यास्तव लहान व वेगवान पंख्यापेक्षा मोठा व संथ पंखा सरस ठरतो.

एका हबवर दहा मायनर असतील, तर त्यांची एकूण उष्णता २५ वॉट होते. ती वाहून नेताना हवेचे तापमान ५° से.पेक्षा अधिक वाढू नये असे ठरविल्यास सेकंदाला सु. ४ लिटर हवा पुरते, आणि एवढी हवा कोणताही छोटा मेजपंखा सहज देतो. प्रश्न हवेच्या प्रमाणापेक्षा तिच्या दिशेचा असतो. झोत पडद्यांच्या लांबीच्या दिशेने जावा, एका मायनरवरून तापून आलेली हवा थेट दुसऱ्यावर जाऊ नये आणि बाहेर पडलेली गरम हवा फिरून पंख्याकडे येऊ नये. मायनर एकमेकांना खेटून बसविल्यास ते परस्परांना तापवितात. म्हणून मधली एक-एक खोबण मोकळी सोडण्याचा प्रघात आहे. २०१३ मध्ये ब्लॉक इरप्टरच्या रांगांसमोर यूएसबीवर चालणारा लवचिक दांड्याचा छोटा पंखा ठेवणे हा घरगुती वापरातील सर्वाधिक रूढ उपाय होता. १.५ वॉटचा एक पंखा दहा मायनरांस पुरत असल्यास ऊर्जेचा खर्च ६ टक्क्यांनी वाढतो. तोच पंखा एका मायनरसाठी लावल्यास ६० टक्क्यांनी वाढतो. एकट्या मायनरसाठी मोठा हीट सिंक व अनेकांसाठी सामाईक पंखा, ही विभागणी यावरूनच ठरते.

उष्णता मुळातच कमी करणे : शक्तीचा खर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने चिपचा दाब व कंप्रता थोडी उतरविणे हा शीतलनाचा सर्वांत परिणामकारक उपाय होय. दोन्ही २० टक्क्यांनी कमी केल्यास गणनेचा वेग ८० टक्के राहतो, पण उष्णता सु. ५१ टक्क्यांवर येते. गेकोसायन्सच्या मायनरांवर दाब बदलण्यासाठी एक लहान फिरता स्क्रू आणि कंप्रता बदलण्यासाठी संगणकावरील कार्यक्रमात सोय असते. याउलट अधिक हॅश मिळविण्याच्या हेतूने दाब व कंप्रता प्रत्येकी २० टक्क्यांनी वाढविल्यास उष्णता सु. १.७ पट होते. अशी वाढ हीट सिंक व पंखा यांची व्यवस्था केल्यानंतरच आणि एका वेळी थोडी थोडी करावी लागते.

हब व विद्युत् पुरवठा : यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रमाणानुसार एका खोबणीतून ५ व्होल्ट दाबाने ५०० मिलिअँपिअर, म्हणजे २.५ वॉट मिळतात. तिसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा ९०० मिलिअँपिअर, म्हणजे ४.५ वॉट आहे. ब्लॉक इरप्टर पहिल्या मर्यादेच्या काठावर चालत असे. पुढील अनेक मायनर वाढीव कंप्रतेवर यापेक्षा बरीच अधिक शक्ती घेतात आणि त्यांना स्वतंत्र पुरवठा असलेला, अधिक प्रवाहाचा हब लागतो. दहा मायनरांना ५ अँपिअर प्रवाह लागत असता त्याहून कमी क्षमतेचा पुरवठा जोडल्यास तो स्वतःच तापतो. संपर्कबिंदूत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ०.१ ओहम रोधाच्या सैल संपर्कात अर्ध्या अँपिअरला ०.०२५ वॉट, तर २ अँपिअरला ०.४ वॉट उष्णता निर्माण होते. ही उष्णता प्लॅस्टिकने वेढलेल्या अरुंद जागी साचत असल्याने खोबण काळवंडणे, वितळणे व क्वचित पेट घेणे असे अपघात संभवतात. मायनरला उत्तम पंखा असूनही हा भाग झोताबाहेर राहू शकतो. म्हणून जाड तारेची केबल, घट्ट बसणारी जोडणी व सर्व मायनर आणि पंखा यांच्या एकूण मागणीपेक्षा अधिक क्षमतेचा पुरवठा या बाबी शीतलनाइतक्याच आवश्यक आहेत. मांडीवरील संगणकाच्या खोबणीत मायनर थेट बसवून तो अहोरात्र चालविणे अयोग्य होय, कारण उष्णता धातूच्या टोकावाटे संगणकातही शिरते.

परिसराचा प्रभाव : पंखा हवेचे तापमान कमी करीत नाही, मायनर कोणत्याही झोतात परिसरापेक्षा थंड होऊ शकत नाही. विदर्भात मे महिन्यात दुपारचे तापमान ४५° से.पर्यंत जाते. तेव्हा वरील उदाहरणातील तीन तापमाने अनुक्रमे सु. १३२°, ७८° व ५३° से. होतील. म्हणजे ३०° से.ला जेमतेम तग धरणारा उघडा फलक अशा वेळी टिकणार नाही आणि पंख्याविना चालणारा हीट सिंकही हाताला चटका देईल. पाण्याच्या कूलरची हवा थंड असली तरी तिच्यात बाष्प व कधी कधी तुषार असतात. मायनर त्या झोतात ठेवणे धोक्याचे आहे. कोकणकिनाऱ्यावरील खारट दमट हवेत संपर्कबिंदू गंजून त्यांचा रोध वाढतो. धूळ हीट सिंकच्या पडद्यांत साचून उष्णतारोधक थर बनते. मायनर बंद करून मऊ कुंचल्याने ती नियमित झाडावी लागते. कपाट, खण वा पुस्तकांमागची बंदिस्त जागा यांत हवा साचून राहते व हीट सिंकचा उपयोग होत नाही. कागद, कापड व पडदे यांपासून उपकरण दूर आणि न जळणाऱ्या पृष्ठभागावर असणे आवश्यक आहे.

अन्य पद्धती : विद्युत् प्रवाहाने एका बाजूस थंडावा निर्माण करणारा पेल्त्ये परिणाम १८३४ पासून ज्ञात आहे. तथापि पेल्त्ये पट्टिका स्वतः बरीच वीज घेते व दुसऱ्या बाजूस दोन्हींची मिळून उष्णता सोडते, त्यामुळे हीट सिंकची गरज उलट वाढते. शिवाय तापमान दवबिंदूखाली गेल्यास फलकावर पाणी जमते. मायनर शीतकपाटात ठेवण्याची कल्पनाही याच कारणाने त्याज्य ठरते. शीतकपाट त्याची उष्णता अखेर खोलीतच टाकते व त्यासाठी अधिक वीज घेते. विद्युत् रोधक द्रवात संपूर्ण मंडल बुडवून शीतलन करण्याची पद्धत १९८५ मधील क्रे-२ या महासंगणकात वापरली होती व पुढे मोठ्या मायनिंग केंद्रांतही ती आली. खनिज तेलात लहान मायनर बुडविता येतो, पण तेल केबलमधून वर झिरपते, प्लॅस्टिक व डिंक मऊ पडतात आणि दुरुस्ती अवघड होते. २.५ वॉटसाठी हा खटाटोप प्रयोगापुरताच योग्य ठरतो.

देखरेख : साध्या यूएसबी मायनरांत बहुधा तापमापक नसतो, त्यामुळे पंखा बंद पडला तरी मायनर आपणहून थांबत नाही. सीजीमायनरसारख्या नियंत्रक कार्यक्रमात दिसणारी चुकीच्या हॅशांची संख्या हीच अशा वेळी पहिली सूचना असते. ती एकाएकी वाढू लागल्यास कंप्रता कमी करून पंखा, मलम व जोडणी तपासतात. अवरक्त तापमापकाने तापमान दुरून मोजता येते, परंतु चकचकीत धातू प्रारण कमी टाकत असल्याने तो प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवितो. धातूवर काळी चिकटपट्टी लावून तिचे तापमान मोजल्यास ही चूक टळते. तापलेला मायनर बंद केल्यावर काही मिनिटे निवू देऊन मगच काढतात.

उपयुक्तता व मर्यादा : २०१३ च्या मध्यास बिटकॉइन जालाचा एकूण वेग सेकंदाला १०० लाख कोटी हॅशच्या आसपास होता आणि गटामागे २५ बिटकॉइन मिळत. त्या प्रमाणात एका ब्लॉक इरप्टरचा वाटा दिवसाला सु. ०.०१२ बिटकॉइन येत असे. त्या वर्षाच्या अखेरीस जालाचा वेग सु. शंभरपट झाला आणि हा वाटाही त्याच प्रमाणात आक्रसला. एप्रिल २०२४ पासून गटामागील मोबदला ३.१२५ बिटकॉइनवर आला, तर त्या वर्षी जालाचा वेग सेकंदाला ५० कोटी लाख कोटी हॅशहून अधिक होता. या वेगाशी तुलना करता एका ब्लॉक इरप्टरला स्वबळावर एक गट मिळण्यास सरासरीने सु. २.८ कोटी वर्षे लागतील. सेकंदाला ३० हजार कोटी हॅश काढणाऱ्या अलीकडील यूएसबी मायनरलाही सु. ३२ हजार वर्षे लागतील. ऊर्जेच्या दृष्टीनेही अंतर मोठे आहे. एक लाख कोटी हॅशांसाठी ब्लॉक इरप्टर सु. ७,५०० जूल, तर २०२४ मधील प्रगत मोठी यंत्रे २० जूलहून कमी ऊर्जा घेतात.

यामुळे यूएसबी मायनर हे उत्पन्नाचे साधन उरलेले नाही. सोडतीप्रमाणे नशीब अजमावणे, जालाचे कार्य समजून घेणे व इलेक्ट्रॉनिकीचा अभ्यास करणे एवढेच त्याचे उपयोग राहिले आहेत. शीतलनाचे उद्दिष्टही त्यानुसार बदलते. अधिक हॅश मिळविण्यासाठी खर्चिक व्यवस्था करून ती भरून निघत नाही. कमी दाब, मध्यम कंप्रता, मोकळ्या हवेतील हीट सिंक व एक संथ पंखा हीच व्यवस्था पुरेशी व सुरक्षित ठरते. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र हे उपकरण उपयुक्त आहे. वहन, अभिसरण व प्रारण हे उष्णतेचे तिन्ही मार्ग, उष्णतारोधांची बेरीज आणि दाब-कंप्रता-शक्ती यांचा संबंध या सर्वांचा पडताळा एक तापमापक, थोडे मलम व एक छोटा पंखा यांच्या साहाय्याने शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत घेता येतो. भ्रमणध्वनी, एलईडी दिवे व विजेवर चालणाऱ्या वाहनांतील नियंत्रक यांच्या शीतलनामागेही हीच तत्त्वे आहेत.